आबांच्या नावाची मिशी

दाढीच्या या यंत्राला ‘सेफ्टी’ हे नाव ज्या कुणी ठेवलं, त्याला मिशी नसणार. असती तर त्याने दुसरं काहीतरी नाव शोधलं असतं. गालांपुरतं ठीक आहे. गालांवर ते कसंही फिरवा, अर्धवट झोपेत फिरवा, रक्त यायचं नाही. पण त्याच्या पात्यावर झाकण असतं, आणि झाकणाखाली नेमकं काय कापलं जातंय ते कापून झाल्यावरच कळतं. वस्तरा बिचारा उघडाबोडका. त्याची धार समोर दिसते, म्हणून गिऱ्हाईक श्वास धरून बसतं आणि न्हावीही जपून हात चालवतो. हा फरक आनंदाला कळला तो बावन्न सालच्या थंडीत, आणि फार महागात कळला.

आनंदा मूळचा घाटावरचा, शिरूरच्या पुढच्या एका लहानशा गावातला. अंबरनाथला एका कारखान्यात मशीनवर कामाला होता आणि देवळाच्या वाटेवरच्या चाळीत एका खोलीत राहत होता. एकटा. कामावर मशीनच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं आणि खोलीत बोलायला कुणी नव्हतं. कधी रविवारी दुपारी त्याच्या ध्यानात यायचं की काल सुटल्यापासून आपण एक शब्दही बोललेलो नाही. मग तो उगाच बाहेर यायचा आणि शेजारच्या ठमाबाईंना विचारायचा, “मावशी, नळाला पाणी आलं का?” नळ त्याच्याच दारासमोर होता.

लग्न झालं होतं. विठा नाव तिचं. बाळंतपणात ती गेली आणि मूलही गेलं. वर्षही सरलं नव्हतं तेव्हा त्याच्या वडिलांनी, धर्मराज आबांनी, दुसरी मुलगी पाहिली. सुपारी फोडायला दोन्हीकडची मंडळी ओसरीवर जमली, पानसुपारीचं तबक पुढे आलं, आणि आनंदा उठून सरळ मळ्यात निघून गेला. मुलीकडचे लोक पाहुणचार न घेता परत गेले. आबांची चार गावांत पत होती. असं तोंड खाली घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. संध्याकाळी ते भर अंगणात, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “मी मेलो समज. माझ्या नावानं मिशी काढ, आन् मग कुठं जायचं तिथं जा.”

बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक. मिशी जाते ती बाप गेला की. आनंदाने गाव सोडलं, पण मिशी ठेवली. तिला कात्री लागू दिली ती फक्त टोकांना. आबांची मिशी होती तशीच ती होती, जाड, कडांना खाली वळलेली. आपण त्यांचं ते एक वाक्य ऐकलेलं नाही, एवढं तरी या मिशीवरून कुणालाही कळावं, असं त्याला वाटायचं. आता अंबरनाथमध्ये हे कुणाला कळणार होतं म्हणा! तरी ती होती, म्हणून कधीतरी परत जायची वाट उघडी आहे असं त्याने मनाशी धरलं होतं. जगण्यासाठी त्याला एवढंच धरून बसायला होतं.

आठवड्यातून दोनदा तो हिरामणपुढे बसायचा. हिरामण इथलाच, चिखलोलीच्या बाजूचा न्हावी. देवळाकडच्या चिंचेखाली पोतं अंथरून, धोकटी उघडून बसलेला असायचा. मोठा तिरसट माणूस. गिऱ्हाइकाने मान हलवली की टपली मारायचा, मग तो कारखान्यातला साहेब का असेना. फाळणीनंतर वसलेल्या कॅम्पातल्या सिंध्यांच्या दुकानांत दाढीची यंत्रं आल्यापासून तर त्याचा पारा सतत चढलेला.

“आपल्याच हातानं आपली दारी करायची,” तो चामड्यावर वस्तरा परजत म्हणायचा, “ही काय मानसाची रीत हाय? उद्या आपल्याच खांद्यावं बसून मसनात जातील.”

आनंदा डोळे मिटून बसायचा. हिरामणचा अंगठा गाल ताणायचा, हनुवटी वर उचलायचा, कानामागे बोट लावून मान वळवायचा. माणसाचा हात तोंडाला लागायचा तो तेवढाच. दाढी संपली की तुरटी फिरवून हिरामण विचारायचा, “मिशी?” आनंदा म्हणायचा, “ठेव.” का ठेव, ते हिरामणने कधी विचारलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी संध्याकाळी नाथा आला. नाथा आनंदाच्याच गावचा, घोंगड्या विकणारा. दर थंडीत खाली उतरायचा आणि खांद्यावर चवड घेऊन कल्याणपासून बदलापूरपर्यंत फिरायचा. जाता जाता आनंदाच्या दारात पाणी प्यायचा आणि गावातलं बरंवाईट सांगायचा, आबांचं नाव सोडून. या खेपेला त्याने नाव काढलं.

“आबा थकल्यात. गोजराक्कानं सांगावा धाडलाय, येऊन जा म्हनावं.”

गोजरा ही आनंदाची थोरली बहीण, गावातच दिलेली.

“आक्काचं ऱ्हाऊ दे,” आनंदा म्हणाला. “आबा काय म्हनले?”

“आबा काय म्हनत्यात! आधी तुझं नाव निघालं की उठून भाईर जायाचे. आता जात न्हाईत. बसून ऐकत्यात.”

यापेक्षा जास्त आनंदाला नको होतं. त्याने नाथाकडून एक घोंगडी घेतली, जेवून जा म्हणाला, पण नाथाला कॅम्पात कुणाकडे तरी मुक्कामाला जायचं होतं. तो गेल्यावर आनंदाने पिशवी भरली. सकाळची पुण्याची गाडी, पुढे एसटी, दिवेलागणीला गाव. त्याने आरशात पाहिलं तर दाढीचे खुंट वाढले होते. आबांना ते मुळीच खपत नसे. घरात कुणी न केलेल्या दाढीने दिसला की ते विचारायचे, “कोन मेलंय?” इतक्या वर्षांनी त्यांच्यापुढे जायचं ते असं तोंड घेऊन? छे.

पण हिरामण रविवारी दिवस कलला की धोकटी गुंडाळून घरी जाई ती मंगळवारीच उघडी, सोमवारी वस्तऱ्याला हात लावत नसे. सोमवार महादेवाचा. मंत्री आला तरी हिरामण सोमवारी वस्तरा उघडणार नाही, असं चाळीत म्हणत. आनंदाने त्याच्या घरी जायचा विचार केला, पण एकदा गुंडाळलेली धोकटी तो आपल्यासाठी कशाला उघडेल, म्हणून सोडून दिला. मग तो पायीच पाच नंबरच्या कॅम्पाकडे निघाला.

तिथे बराकींच्या ओळीत परसराम नावाच्या सिंध्याचं दुकान होतं. दोरे, बटणं, साबण, कंगवे, आणि पुढे काचेखाली ती यंत्रं. चकचकीत दांडी, वर तवंगासारखं पातळ पातं आणि त्यावर झाकण.

“लेलो साईं,” परसराम म्हणाला. “नाई की झंझट खलास. आंख बंद करके घुमाओ, खून निकला तो माल वापिस.” आणि त्याने खरोखरच डोळे मिटून ते यंत्र स्वतःच्या गालावरून फिरवून दाखवलं. आनंदाने मिशीचं काही विचारलं नाही. परसराम सफाचट होता, त्याला तरी काय ठाऊक असणार!

सोमवारी पहाटे त्याने खिडकीच्या गजाला आरसा टांगला आणि तोंडाला साबण लावला. हिरामण साबण लावताना मिशी दोन बोटांनी झाकतो, हे त्याने इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्याचे डोळे मिटलेले असत. फेस मिशीवर आला. उजवा गाल झाला, डावा झाला. खरोखरच कुठे कापलं नाही. तो खूश झाला. आबा काय म्हणतील, आपण आधी पायांवर डोकं ठेवायचं की आधी नुसतं उभं राहायचं, असे विचार करत त्याने डाव्या गालावरून वरच्या ओठाकडे यंत्र ओढलं. हाताला काहीच लागलं नाही. फेस पुसला तेव्हा मिशीची डावी बाजू अर्धी नव्हती.

त्यानंतर त्याने जे केलं ते कुणीही केलं असतं. उजवी बाजू डावीला जुळवायला गेला, ती जास्त गेली. मग डावी उजवीला. झाकणाखाली दिसत काही नव्हतं. प्रत्येक वेळी फेस पुसावा तर आणखी थोडी कमी. शेवटी नाकाखाली माशी बसावी तेवढंच उरलं. तेवढं घेऊन कुणाच्या दारात जाता येत नाही. तेही त्याने काढलं, आणि तरीही कुठे कापलं नाही.

आरशात बाप गेलेला माणूस दिसत होता.

आबांनी सांगितलं होतं ते त्याने केलं होतं. इतकी वर्षं केलं नव्हतं, आणि ज्या दिवशी जायला निघाला त्याच दिवशी केलं. हे उघडं तोंड घेऊन दारात उभं राहायचं आणि सांगायचं काय? यंत्रानं गेली? आबांनी कसलं यंत्र पाहिलंय! ते एवढंच बघतील की पोराने आपल्या नावाने मिशी काढली आणि वर ती दाखवायला आला. थकलेल्या माणसाला हे दाखवायचं?

तरी पिशवी उचलून तो दार उघडून बाहेर आला, आणि ओट्यावरच थांबला. ठमाबाई नळावर हंडा लावून उभ्या होत्या. रत्नागिरीकडच्या, नवऱ्यामागे एकटीने दोन मुली वाढवलेल्या, तोंडाने फटकळ बाई. त्यांनी वर पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

“अरे माझ्या देवा! कधी कळलं रे? गावास निघालास?”

“न्हाय जात,” आनंदा म्हणाला. त्याला त्या क्षणीच कळलं होतं की आपण जाणार नाही. “आता जाऊन काय उपेग.”

त्याने म्हटलं ते मिशीबद्दल. ठमाबाईंनी ऐकलं ते तिकडे सगळं उरकलं असं. त्यांनी हंडा तसाच ठेवला, त्याला हाताला धरून खोलीत नेऊन बसवला. “बोलू नको. काय एक बोलू नको,” म्हणाल्या, आणि स्वतःच रडू लागल्या. आधी त्याच्या बापासाठी, मग स्वतःच्या बापासाठी, मग नवऱ्यासाठी. तो सांगायला तोंड उघडत होता, पण एवढ्या रडण्यात मध्येच ‘अहो, तसं काही नाही’ असं कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर, त्याच्या पाठीवर त्यांचा हात होता. विठा गेल्यापासून असा हात कुणी ठेवला नव्हता.

दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं आलं. संध्याकाळी चाळीतले पुरुष आले. त्याने नवी घोंगडी दाराशी अंथरली आणि ते भिंतीला टेकून ओळीने बसले. “कधी झालं?” एकाने विचारलं. आनंदाने मान खाली घातली. तेवढं उत्तर पुरलं. मग कुणी स्वतःच्या बापाचं सांगितलं, कुणी पेन्शनीचं, कुणी पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांचं. टोपीखाली डोक्यावरचे केस शाबूत आहेत हे कुणी पाहिलं नाही, किंवा कारखान्यातला माणूस म्हणून सोडून दिलं. तो मधोमध बसून सगळ्यांची तोंडं बघत होता. चाळीत आल्यापासून त्याच्या खोलीत एवढी माणसं कधी आली नव्हती. त्याला बरं वाटलं. बाप जिवंत असताना त्याच्या दुखवट्यात बसून बरं वाटावं ही काही चांगली गोष्ट नाही, पण वाटलं खरं. जो येई तो आबांना थोडं थोडं मारून जाई, आणि आनंदा उद्याही कुणी येईल का याची वाट बघे.

हिरामणला तेवढ्या सहज फसवता आलं नाही. आनंदा त्याच्यापुढे जाऊन बसला तेव्हा त्याने ओठ पाहिला, मग टोपी उचलून डोकं पाहिलं.

“मिशी यंत्रानं काढलीस?”

“हं.”

“आन् डोकं?”

“गावाला गेल्यावर करीन.”

बापाच्या नावाने जो न्हाव्यापुढे बसतो तो डोक्यासकट बसतो, आणि आपल्या नेहमीच्या न्हाव्याला सोडून यंत्र हातात धरत नाही. हे हिरामणला सांगायची गरज नव्हती. त्याने गाल केले. वरचा ओठ मात्र दोन बोटांनी झाकून धरला, जणू तिथे काही होतं. टपलीही मारली नाही. ती न मारल्याचं आनंदाला जास्त लागलं.

त्याने गावी कार्ड लिहून धाडलं, रजा मिळत नाही, शिमग्याला नक्की येतो. मग तो मिशीची वाट बघत बसला. ऐका एकदा, माणूस कशाची वाट बघत बसतो! बाप तिकडे थकलेला आणि हा इकडे रोज सकाळी आरशात ओठ तपासतोय. थोडे केस आले तेव्हा जावंसं वाटलं. पण आखूड मिशी ही मिशी नसण्याहून वाईट. सुतक फिटल्यावर जी उगवते ती तशीच दिसते, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना ती ओळखू येते. पुरती वाढायला हवी होती, पहिल्यासारखी, कडांना खाली वळलेली, म्हणजे मधे काही घडलंच नाही असं होईल. तोवर आबा थांबतील. आबा कधी कुणासाठी थांबले नव्हते, पण याच्यासाठी थांबतील असं त्याने धरून चाललं.

माणसं यायची हळूहळू बंद झाली. ठमाबाई दिसल्या की हसायच्या एवढंच. खोली पुन्हा पूर्वीसारखी झाली, किंबहुना जास्तच रिकामी, कारण आता ती भरलेली कशी दिसते हे त्याला ठाऊक होतं. ते यंत्र त्याने फडताळात मागे टाकून दिलं. माघात मिशीने ओठ झाकला. फाल्गुन लागला तेव्हा तिच्या कडा वळू लागल्या. होळी सोमवारी होती. मंगळवारपासून त्याने रजा टाकली आणि पिशवी पुन्हा भरली.

होळीच्या दुपारी चाळीतली पोरं गोवऱ्या आणि लाकडं रचत होती. आनंदा दारात उभा राहून बघत होता तेव्हा रस्त्याने नाथा येताना दिसला. या खेपेला त्याच्या खांद्यावर घोंगड्या नव्हत्या.

आनंदाला तिथेच समजलं. थंडी संपल्यावर रिकाम्या खांद्याने नाथा खाली कशाला उतरेल!

नाथा आत आला नाही. ओट्याच्या कडेला टेकला.

“परवा पहाटं,” तो म्हणाला. “झोपंतच. गोजराक्का म्हनत व्हती थांबा, आनंदा यील, पर मंडळी थांबंनात. तिच्या थोरल्यानं अग्नी दिला.”

आनंदा उभाच होता.

“तुझं कार्ड मास्तराकडनं वाचून घ्येतलं, पुन्ना वाचून घ्येतलं. तवापासनं एक दिसाआड न्हाव्याला बोलवायचे. दाढी करून वसरीवर बसायचे. म्हनायचे, पोरगं कवाबी यील, म्हाताऱ्याचे खुंट बघून घाबरंल.” नाथाने उपरण्याने तोंड पुसलं. “मी थंडीत हिकडनं गेलो ना, तवा मला इचारलं त्यांनी. त्याला मिशी हाय का रं अजून? म्या म्हनलं हाय की, तुमच्यावानीच, जाड. तर हसले. म्हनले, म्हंजी मी हाय म्हनायचा अजून.”

आनंदाचा हात आपोआप ओठावर गेला. मिशी होती. पुरती वाढलेली, दोन्ही बाजू सारख्या.

“नाथा,” तो म्हणाला, “आन् मी बिनमिशीचा आलो असतो तर?”

“म्हंजी?”

“चुकून गेली असती. यंत्रानं. तसाच आलो असतो तर?”

हे असलं काय विचारतोय म्हणून नाथा त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने खरोखर विचार केला.

“तर काय,” तो म्हणाला. “शिव्या घातल्या असत्या. मग जेवाया बसवला असता.”

नाथाला कल्याणला गावच्याच एका घरी निरोप द्यायचा होता. सकाळी कल्याण स्टेशनात भेटायचं ठरवून तो गेला. आनंदा ओट्यावर बसला. रडू येत नव्हतं. कुणाला तरी सांगितलं असतं तर आलं असतं. पण सांगायचं कुणाला? चाळीच्या लेखी आबा केव्हाच गेले होते.

तेवढ्यात ठमाबाई ताटली घेऊन आल्या. गरम पुरणपोळी, वर तूप.

“घे, गोड खा आता,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस तोंड पाडून बसलास. आज मिशीत कसा बरा दिसतोस! गेलेलं माणूस गेलं, आपण किती दिवस धरून बसायचं?”

सुतकात गोड खात नाहीत. आनंदाने ताटली हातात घेतली. त्या जाईपर्यंत त्याने एक तुकडा तोंडात घातलेला होता, आणि तो गिळता येत नव्हता.

मग तो उठला आणि चिखलोलीच्या वाटेने चालू लागला. हिरामणच्या अंगणात पोहोचला तेव्हा हिरामण झाडाला पाणी घालत होता. त्याने आनंदाचं तोंड पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला.

“आबा गेले,” आनंदा म्हणाला. “परवा.”

मागच्या वेळी कोण गेलं होतं, असं हिरामणने विचारलं नाही. आनंदानेच सांगितलं. ओसरीवरचं सुपारीचं तबक, आबांचं ते बोलणं, परसरामचं दुकान, फेस, जुळवाजुळव, मिशी वाढायची पाहिलेली वाट, सगळं उभ्यानेच सांगितलं.

“मला कलला होता,” हिरामण म्हणाला. “तू डोकं ठेवलास तवाच.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तू बोलला नाय.” आणि मग हिरामणचा नेहमीचा पारा चढला. “पन त्या दिशी मजकडं का नाय आलास? दोन पावलांवं घर माजा!”

“सोमवार होता. तू सोमवारी वस्तरा उघडत न्हाईस.”

“आज कोनता वार हाय?”

हिरामण आत गेला आणि धोकटी घेऊन आला. त्याने अंगणात पोतं अंथरलं, वाटीत पाणी घेतलं, वस्तरा उघडला आणि चामड्यावर बराच वेळ परजला. आनंदाने टोपी काढून डोकं पुढे केलं. थंड पाणी डोक्यावर पडलं, मग धार. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. केस पोत्यावर पडताना तो बघत होता. शेवटी हिरामणने त्याची हनुवटी वर केली आणि दरवेळचा प्रश्न विचारला.

“मिशी?”

“काढ,” आनंदा म्हणाला.

दोन हातांत ती गेली. एवढ्या दिवसांत वाढलेली, एवढी सांभाळलेली. हिरामणने तुरटी फिरवली आणि त्याच्या तोंडावरचा हात लगेच काढला नाही.

संध्याकाळी चाळीच्या अंगणात होळी पेटली. आनंदाने घोंगडी दाराशी अंथरली, थंडीत अंथरली होती तशीच, आणि भिंतीला टेकून बसला. माणसं येणार नव्हती, ती येऊन गेली होती. होळीभोवती बोंबा मारत पोरं फिरत होती. तेव्हा ओळीने येऊन बसलेले पुरुष आता नारळ घेऊन उभे होते. त्यातल्या एकाने जाता जाता त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, “काय रे, मिशी ठरत नाय वाटतं तुला?” आनंदाही थोडं हसला.

ज्वाळा खाली आल्या तेव्हा अंगणातून हिरामण येताना दिसला. अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, डोक्याला उपरणं गुंडाळून आला होता. एवढ्या वर्षांत तो चाळीत कधी आला नव्हता. त्याने वहाणा बाहेर काढल्या, आणि आत येऊन घोंगडीवर बसला. सगळं दुपारीच ऐकलेलं असून, भेटायला आलेला माणूस विचारतो तसं मग त्याने विचारलं, “कंदी झाला?”

“परवा,” आनंदा म्हणाला. “परवा पहाटं. झोपंतच.”

आणि मग त्याला रडू आलं. हिरामण भिंतीला टेकून तिथेच बसून राहिला.